सिनेमातली उत्क्रांती एकाच माणसात का होते?

पाणवठा

मंडळी, हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, म्हणून धागा काढतोय.

परवाच्या रविवारी मुलीबरोबर 'लूसी' पाहिला, २०१४ चा, ल्यूक बेसाँचा. मुलगी यंदा दहावीला. विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. तो नुकताच वर्गात झालाय, त्यामुळे दर दहा मिनिटांनी सिनेमा थांबवून प्रश्न चालले होते. पहिला प्रश्न ठरलेलाच: माणूस मेंदूचा दहाच टक्के वापर करतो हे खरं आहे का? नाही. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीर बसल्या जागी जेवढी ऊर्जा खर्च करतं त्यातला सुमारे २० टक्के वाटा एकटा मेंदू घेतो. शिवाय मोठ्या डोक्यामुळे बाळंतपण अवघड होतं. एवढा महागडा अवयव नव्वद टक्के रिकामा बसला असता, तर नैसर्गिक निवडीनं तो लाखो वर्षं पोसलाच नसता. म्हणजे ही कल्पना खोडायला दुसरं काही नको, उत्क्रांतीच पुरते. हे इथल्या बहुतेकांना ठाऊक असेल, त्यावर धागा खर्च करायचा नाही.

मला खुपलं ते वेगळं. सिनेमा सुरू होतो ओढ्याकाठी पाणी पिणाऱ्या आदिमानवी मादीपासून. ही जीवाश्मांतली लूसी. इथिओपियातल्या हदार इथे २४ नोव्हेंबर १९७४ ला डोनाल्ड जोहान्सन यांना तिची हाडं सापडली. वय सुमारे ३२ लाख वर्षं, उंची जेमतेम साडेतीन फूट, सांगाडा जवळजवळ ४० टक्के हाती लागलेला. तिच्या गुडघ्यानं आणि कमरेच्या हाडांनी शास्त्रज्ञांना जे सांगितलं ते मला आजही थरारक वाटतं. ती दोन पायांवर चालत होती, आणि तिच्या जातीचा मेंदू मात्र आपल्या मेंदूच्या साधारण एक तृतीयांश होता. म्हणजे आधी पाय सुटे झाले, मग पुढे कितीतरी लाख वर्षांनी डोकं वाढलं.

सिनेमानं नेमका हाच क्रम उलटा केला. त्यात सगळं मेंदूपासून निघतं, एका तरुणीच्या शरीरात एका औषधामुळे घडतं आणि एका दिवसात संपतं. शेवटी तीच त्या पहिल्या लूसीच्या बोटाला बोट लावते. दृश्य सुंदर आहे, मी दोनदा पाहिलं. पण उत्क्रांती कधीच एका जिवात होत नाही. जीव जन्मतो, जगतो, मरतो; बदलते ती पिढ्यान् पिढ्यांची वस्ती. हे एकदा हातून निसटलं की बाकी सगळे तपशील कितीही काटेकोर ठेवा, उपयोग नाही.

तर प्रश्न असा: माणसाच्या उत्क्रांतीवर बेतलेल्या सिनेमांपैकी कोणी हे नीट सांभाळलंय का? आणि कोण कुठे घसरलं?

धूळपाटी

छान विषय. वाचनखूण साठवली.

'एक्स-मेन' आठवला. त्यात उत्परिवर्तन म्हणजे वयात येताना अंगात संचारणारी शक्ती. खरं तर आपण सगळेच उत्परिवर्ती आहोत. प्रत्येक बाळ आई-वडिलांकडे नसलेले जनुकांतले साधारण ६०-७० नवे बदल घेऊन जन्मतं, आणि त्यातल्या बहुतेकांचा कसलाही परिणाम दिसत नाही. हे मला कळलं तेव्हा माझा मुलगा महिन्याचा होता. त्याच्याकडे बघत बसलो होतो, या पोरात जगात आधी कधीच नसलेलं काहीतरी आहे म्हणून. कुठल्याही सिनेमानं मला एवढं नवल दिलेलं नाही.

खडकवाट

पाणवठा, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी पुण्यात पुरातत्त्व शिकलो, त्यामुळे जरा लांब लिहिणार आहे.

या विषयावर बोलताना १९६८ चा '२००१: अ स्पेस ओडिसी' टाळता येत नाही. सुरुवातीचा भाग सगळ्यांना आठवत असेल. उजाड माळ, भुकेले कपी, मग तो काळा उभा खांब, आणि एका कपीच्या हातात आलेलं हाड. आधी तो हाडानं सांगाडा फोडतो, मग शिकार करतो, मग पाणवठ्यावर दुसऱ्या टोळीतल्या एकाला ठार मारतो. हाड आभाळात भिरकावलं जातं आणि त्या जागी अवकाशयान येतं. आपल्या बुद्धीचा उगम खुनात आहे, असा त्याचा सरळ अर्थ.

ही कल्पना दिग्दर्शक कुब्रिकनं हवेतून काढलेली नव्हती, ती त्या काळचं विज्ञान होती. रेमंड डार्ट या शास्त्रज्ञानं १९२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या 'टाँगच्या मुला'ची, म्हणजे आपल्या एका कपीसारख्या पूर्वजाच्या बाळाची, कवटी जगापुढे आणली. पुढे माकापान्सगाटच्या गुहेत त्याला हरणांच्या हाडांचा खच सापडला. ही हाडं, दात, शिंगं म्हणजे आपल्या पूर्वजांची हत्यारं, असा त्याचा निष्कर्ष. रॉबर्ट आर्ड्रीनं १९६१ च्या पुस्तकातून 'खुनी कपी'ची ती कल्पना घरोघर नेली. सिनेमावर त्याची छाप उघड आहे.

मग आला चार्ल्स किम्बर्लिन ब्रेन (आडनावच ब्रेन). त्यानं दक्षिण आफ्रिकेतल्याच स्वार्टक्रान्स गुहेतली हाडं वर्षानुवर्षं एकेक करून तपासली. तिथे एका लहान मुलाच्या कवटीला मागच्या बाजूला दोन भोकं आहेत. ती हत्याराची असतील असं कुणालाही वाटावं. ब्रेननं त्याच गुहेतला बिबट्याचा जबडा घेतला आणि खालचे सुळे त्या भोकांना लावून पाहिले. नेमके बसले!

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. त्या कोरड्या पठारावर झाडं कमी, आणि जी आहेत ती बहुधा गुहांच्या तोंडाशी, कारण तिथे ओलावा टिकतो. बिबट्या शिकार झाडावर ओढून नेतो. खाऊन झालं की हाडं खाली पडतात, थेट गुहेत. लाखो वर्षं हे चाललं की तळाशी हाडांचा ढीग जमतो, आणि मग एखादा शास्त्रज्ञ येऊन तो आपल्या पूर्वजांच्या नावावर टाकतो. माकापान्सगाटच्या ढिगाचं श्रेयही पुढे मुख्यतः तरसांकडे गेलं. आणि डार्टचं स्वतःचं टाँगचं मूल? त्याच्या डोळ्यांच्या खोबणीतल्या खुणा गरुडानं मारलेल्या माकडांच्या कवट्यांवरच्या खुणांशी जुळल्या. ज्याच्यापासून ही सगळी खुनाची गोष्ट सुरू झाली, ते बाळ बहुधा गरुडानं उचललेलं होतं.

आपले पूर्वज त्या माळावर शिकारी कमी आणि शिकार जास्त होते. १९८१ मध्ये ब्रेननं याच प्रश्नावर मोठा ग्रंथ लिहिला.

धूळपाटी

त्या भागात टॅपिर प्राणी दिसतात ना? ते तर दक्षिण अमेरिकेत आणि आग्नेय आशियात असतात.

खडकवाट

हो, आफ्रिकेच्या त्या माळावर टॅपिर असण्याचं कारण नाही. पण एवढ्याशा चुकीसाठी मी सिनेमाला नावं ठेवणार नाही.

हाडांबद्दल सांगायचं राहिलं. स्वार्टक्रान्सलाच झिजलेल्या टोकांची हाडं सापडली आहेत, म्हणजे हत्यारं खरीच होती. त्या टोकांवरची झीज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि तशीच हाडं वेगवेगळ्या कामांना वापरून तुलना केली, तर सगळ्यात जास्त जुळणारं काम निघालं वारूळ उकरण्याचं. हातात हाड होतं हे कुब्रिकचं बरोबर, पण ते वाळवी खायला.

कुकडीकाठ

खडकवाट यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी जुन्नर तालुक्यातला. आमच्याकडे उसात बिबट्या आहे हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. रात्री मोटर चालू करायला निघालं की हातात काठी आणि बॅटरी असते, आणि लहान पोरांना अंधार पडल्यावर अंगणातसुद्धा एकटं सोडत नाहीत. त्या कवटीतल्या दोन भोकांबद्दल वाचलं आणि अंगावर काटा आला. तीच भीती, तोच प्राणी.

आणि त्या सिनेमात बिबट्या आहे की! सुरुवातीलाच खडकावरून एका कपीवर झेप घेतो, आणि नंतर रात्री त्याचे चमकणारे डोळे दिसतात. आजच्या विज्ञानाला जे सापडलं ते त्या दृश्यात आधीच होतं, फक्त सिनेमानं गोष्ट हाडाची सांगितली.

दुसरं म्हणजे, आमच्या कुकडी नदीच्या काठी बोरी इथे ज्वालामुखीच्या राखेच्या थरालगत अश्मयुगातल्या हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. राखेच्या वयावर संशोधकांत जुना वाद आहे. काही जण पाऊण लाख वर्षं म्हणतात, काही जण कितीतरी पट जुनी. वाद काहीही असो, आम्ही जिथे कांदा लावतो तिथे कुणीतरी दगड घडवत बसलं होतं. शाळेत असताना हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही याचं वाईट वाटतं.

पाणवठा

कुकडीकाठ, बिबट्याचं दृश्य मी साफ विसरलो होतो. आज पुन्हा पाहतो.

यातून एक प्रश्न निघतो. १९६८ चा सिनेमा १९६८ च्या विज्ञानाशी प्रामाणिक होता. मग त्याला चुकीचा म्हणायचं का? माझ्या मते नाही. 'लूसी'ची गोष्ट निराळी. दहा टक्के मेंदूची गोष्ट २०१४ मध्येही कुठल्याच प्रयोगशाळेत खरी मानली जात नव्हती.

वाघूर

थोडा विरोधी सूर लावतो.

सिनेमाला नायक लागतो. चार हजार पिढ्यांची गोष्ट कोण बघणार? प्रेक्षकाला एक चेहरा हवा, त्याची भूक, त्याची भीती हवी. 'उत्क्रांती वस्तीत होते' हे खरं असलं तरी वस्तीचा चेहरा पडद्यावर दाखवता येत नाही. म्हणून दिग्दर्शक लाखो वर्षं एका देहात कोंबतो. कीर्तनकार चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा एका अभंगात आणतो तेव्हा आपण हिशेब मागतो का?

माझी कसोटी वेगळी आहे. सिनेमानं स्वतः घातलेले नियम स्वतः पाळले का? पाळले तर मला पुरे.

पाणवठा

वाघूर, चेहरा हवा हे मान्य. पण कीर्तनकार 'हे विज्ञान आहे' असं म्हणत नाही. 'लूसी'मध्ये प्राध्यापक सभागृहात फळ्यासमोर उभा राहून दहा टक्के सांगतो, आणि तो आवाज मॉर्गन फ्रीमनचा असल्यामुळे माझ्या मुलीला ते खरं वाटतं. तिथे मला अडचण येते.

सह्याद्रीपार

मी गेली काही वर्षं अमेरिकेत जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. वाघूर यांच्या मुद्द्याला जोडून वानरांच्या सिनेमांबद्दल लिहिते, कारण तिथे दोन्ही प्रकार भेटतात.

१९६८ च्याच 'प्लॅनेट ऑफ द एप्स'मध्ये अंतराळवीर ३९७८ साली उतरतात. वानर बोलतात, माणसं मुकी. म्हणजे दोन हजार वर्षांत, पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर ऐंशी पिढ्यांत, एका जातीला भाषा आली आणि दुसरीची गेली. ऐंशी पिढ्या म्हणजे किती? नाणेघाटातला सातवाहनांचा शिलालेख कोरला त्याला साधारण तेवढाच काळ लोटलाय. ती प्राकृत कोरणारा कारागीर आज पुण्यात आला तर भाषा कळायला त्याला वेळ लागेल, पण शरीरानं तो आपल्यासारखाच असेल. आपल्याकडचा झपाट्यानं झालेला बदल म्हणून नेहमी दिला जातो तो मोठेपणी दूध पचवण्याचा. तो गेल्या दहाएक हजार वर्षांतला, युरोपात आणि पूर्व आफ्रिकेत वेगवेगळ्या उत्परिवर्तनांनी स्वतंत्रपणे आलेला. आणि तरीही जगातल्या बहुसंख्य प्रौढांना दूध आजही नीट पचत नाही. एका पाचकरसाची ही कथा, मग भाषेचं काय सांगावं.

२०११ ला सुरू झालेल्या त्याच्या नव्या मालिकेत मात्र मला बरंच काही आवडलं. तिथे बदल विषाणूवाटे जनुकात शिरतो. सीझर हा चिंपांझी एकटा हुशार निघतो हे खरं, पण तो स्वतः ते औषध आपल्या सगळ्या कळपाला देतो आणि तिथून गोष्ट वस्तीची होते. वाघूर, चेहरा एकाचा आणि बदल कळपाचा, हे असं जमवता येतं.

आणि सीझर 'नाही' म्हणतो त्यावर हसणाऱ्यांसाठी थोडं. माकडांना बोलता येत नाही ते घशाच्या रचनेमुळे, असं फार वर्षं मानलं जायचं. २०१६ मध्ये टेकुमसे फिच आणि सहकाऱ्यांनी जिवंत मकाक माकडाची क्ष-किरण चित्रफीत घेऊन दाखवलं की त्या घशातून बोलण्यापुरते स्वर निघू शकतात. त्यांच्या मते अडचण मेंदूच्या ताब्याची आहे, घशाची नाही.

याहून विलक्षण प्रयोग २०२० चा. माणसातच आढळणारं एक जनुक आहे, त्याचं नाव अवघड आहे म्हणून सोडून देते. ते जर्मन आणि जपानी शास्त्रज्ञांनी मार्मोसेट या छोट्या माकडाच्या गर्भात घातलं. गर्भाच्या मेंदूचं बाह्यक (बाहेरचा थर) वाढलं आणि त्यावर वळ्या दिसू लागल्या. सुमारे शंभर दिवसांनी प्रयोग थांबवला. पिल्लं जन्मू द्यायची नाहीत हे आधीच ठरलेलं होतं, कारण जन्मलेल्या त्या जिवाला आपण काय समजायचं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. सिनेमा जिथे सुरू होतो तिथे ते शास्त्रज्ञ थांबले. मी तो शोधनिबंध वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही.

वाघूर

सह्याद्रीपार ताई, नाणेघाटाचं उदाहरण पटलं. ऐंशी पिढ्या म्हणजे किती, ते पहिल्यांदाच डोळ्यांपुढे आलं.

जनुकांवरून माणसाचं भविष्य ठरवणाऱ्या जगाची गोष्ट सांगणाऱ्या 'गॅटाका'बद्दल काय मत?

सह्याद्रीपार

१९९७ चा, आणि माझा लाडका. नावच जनुकांच्या चार अक्षरांतून केलेलं. रक्ताच्या थेंबावरून ओळख हे सगळं आता घरचं वाटतं. पण जन्मतः नर्स नायकाचं आयुष्य ३०.२ वर्षं सांगते, तेवढी अचूकता येणं कठीण. साधी उंची घ्या. २०२२ मध्ये ५४ लाख लोकांच्या माहितीवरून उंचीशी संबंधित १२ हजारांहून जास्त जागा जनुकसंचात सापडल्या. एका उंचीला एवढ्या, तर स्वभावाला किती? सिनेमाही तेच म्हणतो. भाकीत चुकतं, नायक जगतो.

फळाखडू

धागा उशिरा पाहिला. मी सातारा जिल्ह्यात एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. पाणवठा यांच्या मुलीचा धडा मी दर जूनला शिकवतो, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा.

'सिनेमा आहे, सोडून द्या' असं मला म्हणता येत नाही, कारण त्याचे परिणाम उत्तरपत्रिकेत भेटतात. 'जिराफाला उंच पाला खायचा होता म्हणून मान लांब झाली.' पुस्तकात हे लॅमार्कचं मत म्हणून दिलंय आणि ते पुढे का मागे पडलं तेही दिलंय. मुलं पहिला भाग लक्षात ठेवतात, दुसरा विसरतात. का? कारण पहिला भाग त्यांनी पडद्यावर पाहिलेला असतो. गरज पडली, जोर लावला, अवयव आला.

'वॉटरवर्ल्ड' घ्या, १९९५ चा. सगळी जमीन पाण्याखाली, आणि नायकाच्या कानामागे कल्ले. एका मुलानं मला विचारलं, "सर, समुद्र वाढला तर आपल्यालापण येतील ना?" मी त्याला देवमासा सांगितला. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालायचे. त्यांच्या अगदी जवळच्या नात्यातला इंडोहायस हा मांजराएवढा खुरांचा प्राणी, त्याचे जीवाश्म आपल्या जम्मू-काश्मिरात कालाकोट भागात मिळाले. तिथपासून सुमारे पाच कोटी वर्षं त्या कुळानं पाण्यात काढली. शेपटी वल्ह्यासारखी पसरट झाली, मागचे पाय गेले, नाकपुड्या डोक्यावर सरकल्या. कल्ले आले नाहीत! आजही देवमासा श्वासासाठी वर येतो. उत्क्रांती हाताशी असेल त्यालाच वळण देते, नव्यानं मागवत नाही.

मग पाण्यात राहणाऱ्या माणसांत काहीच होत नाही का? होतं, आणि ते मला कल्ल्यांपेक्षा सुंदर वाटतं. इंडोनेशियातले बाजाउ लोक पिढ्यान् पिढ्या बुडी मारून मासे धरतात. २०१८ च्या अभ्यासात त्यांची प्लीहा (पोटातला, रक्तपेशी साठवणारा अवयव) शेजारच्या शेतकरी गावातल्या लोकांपेक्षा सुमारे ५० टक्के मोठी आढळली. बुडी मारताना प्लीहा आकुंचन पावते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते, तेवढाच ऑक्सिजन वाढतो. जे बाजाउ स्वतः बुड्या मारत नाहीत त्यांचीही प्लीहा मोठीच. म्हणजे हा सरावाचा परिणाम नाही, वारसा आहे. संबंधित जनुकही सापडलं. हे सांगितल्यावर तो मुलगा तासभर श्वास रोखून वेळ मोजत होता.

२०२३ मध्ये केंद्राच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा देशभरातल्या अठराशेहून जास्त शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी विरोधाचं पत्र काढलं. आपल्या राज्याच्या पुस्तकात धडा आहे, याचं मला मोल वाटतं.

ठिणगी

फळाखडू सर, प्रतिसाद फार आवडला.

पाणवठा यांनी विचारलं होतं, कोणी नीट सांभाळलंय का. माझं उत्तर १९८१ चा 'क्वेस्ट फॉर फायर'. ८० हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका टोळीकडे विस्तव आहे पण पेटवता येत नाही. तो विझतो, आणि तिघं जण विस्तव शोधायला निघतात. कळणारी भाषा एकही नाही. टोळ्यांच्या भाषा कादंबरीकार अँथनी बर्जेसनं घडवल्या, हावभाव प्राणिशास्त्रज्ञ डेस्मंड मॉरिसनं. मॅमथ म्हणून हत्तींना केसाळ पांघरुणं घातली.

विस्तव असणं आणि तो पेटवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या सिनेमानं तेव्हाच ओळखलं. दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत दहा लाख वर्षांपूर्वीच्या विस्तवाच्या खुणा आहेत, पण तो पेटवलेला की वणव्यातून आणलेला हे राखेवरून ठरत नाही. फ्रान्समधल्या काही निअँडरथलांच्या (आपल्या जवळच्या नात्यातली, आता नामशेष झालेली मानवजात) गुहांत कडाक्याच्या थंडीच्या थरांमध्येच चुलींच्या खुणा जवळजवळ नाहीत. थंडीत विजा कमी, वणवे कमी, म्हणून यांना आग मिळतच नव्हती, असा काही संशोधकांचा तर्क आहे. इतर संशोधकांना निअँडरथलांच्या दगडी हत्यारांवर ठिणगी पाडल्याच्या खुणा सापडल्या आणि ते नेमकं उलट म्हणतात. वाद चालू आहे, आणि सिनेमा त्या वादाच्या मधोमध उभा आहे. माझी आजी रात्री चुलीतला निखारा राखेत पुरून ठेवायची आणि विझलाच तर सकाळी शेजारून आणायची. त्यामुळे पहिल्यांदा हा सिनेमा पाहताना विस्तव विझतो तिथे माझ्या पोटात खड्डा पडला होता.

एक गोष्ट मात्र सिनेमानं चुकवली. त्यातल्या तिघांना हसता येत नाही. एकाच्या डोक्यावर दगड पडतो, सोबतची मुलगी खदखदून हसते, आणि हे तिघं गोंधळून बघत राहतात. पुढे ते हसायला शिकतात. दृश्य मनात घर करतं. पण २००९ मध्ये चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना गुदगुल्या करून आवाज नोंदवले, तेव्हा आपल्या हसण्याशी त्यांचं नातं दिसलं. हसणं माणसाहून कितीतरी जुनं. भाषेच्या, हत्यारांच्या आधीपासून आपण हसतोय.

आणि निअँडरथल आता परके राहिलेले नाहीत. २०१० मध्ये त्यांच्या जनुकसंचाचा मसुदा आला, त्या कामासाठी स्वान्ते पाबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत १-२ टक्के वारसा त्यांचा आहे. कोविडचा आजार गंभीर होण्याचा धोका वाढवणारा तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा निअँडरथलांकडून आलेला, आणि तो दक्षिण आशियातल्या जवळपास निम्म्या लोकांत आढळतो. २०२१ च्या उन्हाळ्यात आमच्या घरातली दोन माणसं गेली. त्यांच्यात तो तुकडा होता का, मला कधीच कळणार नाही, पण तेव्हापासून निअँडरथल मला फक्त गुहेत दिसत नाहीत.

कुकडीकाठ

ठिणगी, वाचून थांबलो. सांभाळा.

खडकवाट

ठिणगी, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत.

एक इच्छा इथे नोंदवून ठेवतो. ५ डिसेंबर १९८२ ला नर्मदेच्या काठी हथनोरा इथे अरुण सोनकिया यांना कवटीचा भाग मिळाला. भारतातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्राचीन मानवी जीवाश्म. तिला होमो इरेक्टस (मानवाची एक प्राचीन जात) म्हणायचं की नंतरची, थोडी पुढारलेली जात, यावर मतं निराळी. नदीकाठ, हत्ती, पाणघोडे (हो, तेव्हा नर्मदेत पाणघोडे होते), आणि हातकुऱ्हाडी घडवणारी माणसं. यावर कुणी सिनेमा काढला तर मी फुकट सल्लागार म्हणून जाईन. एकच अट: खांब, औषध, परग्रहवासी यांतलं काही नको. त्या माणसांनी जे केलं ते स्वतः केलं.

पाणवठा

काल रात्री मुलीला '२००१'चा पहिला भाग दाखवला. बिबट्यानं झेप घेतली तिथे तिनं स्वतः थांबवलं आणि मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मग हाड उचलण्याच्या दृश्याला तिला स्वार्टक्रान्सच्या वारुळांबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आधी आई पोरांना वाळवी खायला घालत असेल." हे ना डार्टला सुचलं ना मला.

फळाखडू

पाणवठा, तेवढाच भाग वर्गात दाखवायचा झाला तर किती वेळ लागेल? आमच्याकडे एकच पडदा आहे आणि तास पस्तीस मिनिटांचा. शिवाय पोरांना इंग्रजी संवाद कळत नाहीत.

पाणवठा

सर, वीस मिनिटांच्या आत होतो. आणि त्या भागात संवाद एकही नाही.